आचाऱ्यास की आचार्यास?

इंदूर हे माझे आजोळ. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी माणसांची वस्ती आहे आणि वस्ती आली की गणेशोत्सवाचे मंडळही आलेच. तशाच एका मंडळाचे माझे मामा खजिनदार आहेत. २०२५ च्या मे महिन्यात मी सुटीत गेलो, तेव्हा मामा अगदी खिन्न दिसले. कारण ऐकून प्रथम मला हसू आले. महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्याला दिलेले १८,५०० रुपये वार्षिक हिशेबात ‘आचार्यास दिले’ असे छापून आले होते, आणि सभेत एका सभासदाने उभे राहून विचारले होते, “हे आचार्य कोण? प्रवचन कधी झाले?” पावती होती, सही होती, पण संशय एकदा आला की पावतीने जात नाही. बावीस वर्षे खजिना सांभाळलेले मामा राजीनामा लिहून बसले होते.

“अरे, मोबाइलवर लिहिलं तेव्हा बरोबर दिसत होतं,” मामा म्हणाले, “हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये घातलं आणि बिघडलं.” प्रोग्रॅम विकणाऱ्याचे उत्तर ठरलेले होते: अक्षरे मांडणारी लायब्ररीच मराठी जाणत नाही, त्याला आम्ही काय करणार?

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्रॅमना लागणारे एखादे काम एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि सर्वांनी ते उसने घ्यायचे, अशा तयार संचाला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. संगणक ‘र्य’ हे जोडाक्षर साठवत नाही; र, हलन्त आणि य असे तीन क्रमांक साठवतो. त्यांतून रफार काढायचा की आणखी काही, हे ठरवण्याचे काम अशी लायब्ररी करते. सध्या या कामी ‘हार्फबझ’ सर्वांत प्रसिद्ध आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस हे सारे तीच वापरतात. नाव फारसी, त्यात ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ संहिता, कोणालाही फुकट मिळते. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर का विसंबावे? मी वाणिज्य शाखेचा असलो तरी व्हाउचर पाहिल्यावाचून नोंद मान्य करू नये, एवढे शिकलो आहे.

मामेबहीण अभियांत्रिकीला आहे. तिच्या लॅपटॉपवर आम्ही बसलो. हार्फबझ सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेली आहे, आणि ती संगणकाला समजेल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. फायली पुष्कळ असल्यामुळे कंपायलरला एकेक हाताने देणे शक्य नसते. ‘मेसन’ नावाचे साधन प्रथम यंत्रावर काय आहे, काय नाही, हे पाहून कामाची यादी आखते. ‘निन्जा’ नावाचे दुसरे साधन ती यादी पार पाडते. पुढे एकच फाइल बदलली, तर तिच्याशी संबंधित तेवढेच काम ते पुन्हा करते.

सारे बिनबोभाट झाले. मग बिल्डच्या फोल्डरमध्ये ‘मेसन टेस्ट’ ही आज्ञा दिली. एकही तपासणी नापास नाही! मी मामांना हाक मारणार, इतक्यात बहीण म्हणाली, “अरे, मेसननं आधी काय छापलंय ते वाच की.” ‘जीलिब’ नावाची दुसरी लायब्ररी त्याला सापडली नव्हती, म्हणून शब्द देऊन उत्तर पाहण्याचे ‘एचबी-शेप’ हे साधन बनलेच नव्हते. साहजिकच त्या साधनावर चालणाऱ्या तपासण्याही झाल्या नव्हत्या, आणि आम्हाला हव्या होत्या त्या नेमक्या त्याच. तेरीज जुळली म्हणून वही बरोबर असे नव्हे, राहून गेलेली नोंद तेरजेत दिसत नाही, हे आमचे सर वर्गात फळ्यावर लिहितात. मला ते इंदूरला समजले. गंमत अशी की जीलिब त्या यंत्रावर होती. परंतु तिच्या आधाराने नवे काही बांधायचे, तर तिचे ‘डेव्ह’ नावाचे वेगळे पॅकेज लागते. ते घातले, बिल्डचा फोल्डर पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या खेपेला तपासण्या खूपच अधिक झाल्या. त्यांतली एकेक ओळ वाचण्यासारखी असते. फॉन्ट कोणता, अक्षरांचे क्रमांक कोणते आणि उत्तरादाखल कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने याव्यात, हे अर्धविरामाने तोडून लिहिलेले असते. आलेले उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडले जाते.

आता मामांचा शब्द. ‘आचार्य’ म्हणताना ‘र्य’मुळे ‘चा’वर आघात येतो, ‘आचाऱ्या’त येत नाही. म्हणून मराठीत दोन र वेगळे लिहितात. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ची गरज पडत नाही. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक जुनी रीत, र आणि हलन्त यांच्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह, क्रमांक २००डी. दुसरी रीत म्हणजे खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. आम्ही ‘एचबी-व्ह्यू’ने तीन चित्रे काढली. दोन्ही रीतींनी ‘आचाऱ्यास’ स्वच्छ आले. जोडचिन्ह गाळले तेव्हाच ‘आचार्यास’ आले. लायब्ररी निर्दोष होती!

मग हिशेबाच्या प्रोग्रॅममधून तोच शब्द उचलून त्याचे क्रमांक पाहिले. २००डी गायब. मोबाइलने जुन्या रीतीने लिहिलेल्या शब्दातून हा प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हे कचरा समजून झाडून टाकत होता. दुकान झाडताना सुटी नाणीही केरात जावीत, तसे हे झाले.

कन्नड विभागाच्या वाचकांनी हसू नये. घरी आम्ही कन्नडही बोलतो, म्हणून मी कन्नड लिपीत ‘रँक’ लिहून पाहिला. तेथेही ‘र’ पूर्ण ठेवून ‘य’चा वत्तु खाली यावा, यासाठी तेच जोडचिन्ह लागते; ते झाडले की ‘र’चा अर्कावत्तु होऊन तो मागे जाऊन बसतो. आपल्या गुणवत्ता यादीत कोणी तसे पाहिले असेल, तर दोष टंकलेखकाचा असेलच असे नाही.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबले की स्वतंत्र ऱ मिळतो. मामांनी संपूर्ण हिशेब चाळून ‘पुजाऱ्यास’, ‘मांडवकऱ्यास’ असे शब्द त्या रीतीने पुन्हा लिहिले. विक्रेत्याला आम्ही तिन्ही चित्रे पाठवली; पुढील आवृत्तीत पाहू, असे उत्तर आले. जूनच्या सभेत दुरुस्त पान वाटले गेले. त्या सभासदाने दोन्ही शब्द मोठ्याने वाचून पाहिले आणि पुढचा विषय घ्यावा, असे सुचवले. राजीनामा मात्र मामांनी अजून फाडलेला नाही, असे मामी सांगते.