विश्वास : नुसती मान्यता की भिस्त?

आपल्या चळवळीत 'विश्वास' या शब्दाकडे संशयाने पाहिले जाते, आणि त्याला सबळ कारणे आहेत. शतकानुशतके आपल्याला विश्वास ठेवायलाच सांगितले गेले. पूर्वजन्मीच्या कर्मावर विश्वास ठेवा, गावकीच्या न्यायावर विश्वास ठेवा, देवळाच्या पायरीखालून जोडलेले हातही आत पोहोचतात यावर विश्वास ठेवा. ज्यांना आपल्याला काहीच द्यायचे नव्हते त्यांनी आपल्याकडून विश्वास मात्र भरपूर मागितला. म्हणून १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात प्रज्ञेला पहिला मान आहे, आणि तो तसाच असायला हवा.

मी नगर जिल्ह्यातल्या एका दलित ख्रिस्ती घरातला. आमच्या भावकीतली काही घरे आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती, बाकीची बौद्ध. मयतीला, लग्नाला सगळे एकत्र बसले की वाद निघतोच. बौद्ध चुलतभाऊ म्हणतात, "तुम्ही नुसता विश्वास ठेवता, आम्ही विचार करतो." ख्रिस्ती वडीलधारे म्हणतात, "विश्वास असला की पुरे, बाकी प्रभू पाहील." गंमत अशी की या वादात दोन्ही बाजू विश्वासाचा एकच अर्थ धरून चालतात : काही विधाने खरी मानणे आणि स्वस्थ बसणे. एक बाजू त्याला नावे ठेवते, दुसरी त्याचा अभिमान बाळगते. माझ्या मते हा अर्थच तोकडा आहे. येशूने माणसांपुढे ठेवलेला विश्वास याहून वेगळा आहे, आणि तो समजून घेणे ख्रिस्ती दलितांइतकेच बौद्ध दलितांनाही उपयोगाचे आहे.

आधी शब्दाकडे पाहू. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. मराठी बायबलात जेथे 'विश्वास' असे छापलेले असते तेथे मूळात 'पिस्तिस' हा शब्द आहे. त्यात खरे मानणे येते. पण भरवसा, निष्ठा, इमान हेही त्यात येते. त्याच्या मागे उभा असलेला हिब्रू धातू पक्केपणा, टिकाऊपणा सांगणारा आहे. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो 'आमेन' त्यातूनच आला. ज्याच्यावर भार टाकला तरी ढळत नाही, ते. मराठीत याला जवळचा शब्द पोथीतला नाही, बोलण्यातला आहे : भिस्त. "सारी भिस्त त्याच्यावर" असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाविषयीचे मत सांगत नसतो. आपण आपला भार कोठे टाकला आहे ते सांगत असतो.

आमच्या दुष्काळी मुलखात विहीर खोदताना तोंडाशी यारी उभी करतात. दोराला मोठी लोखंडी बादली अडकवलेली असते. काठावर पाच-दहा माणसे उभी असतात आणि त्यातला प्रत्येकजण सांगतो की दोर मजबूत आहे. ही झाली मान्यता. बादलीत पाय ठेवून साठ फूट खाली उतरणारा मजूर बहुधा काही बोलतही नाही. त्याची ती भिस्त. दोघांचे मत एकच, पण दोर तुटला तर मरणार एकच. जोखीम घेतल्यावाचून विश्वासाला विश्वास म्हणता येत नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दाही येथेच सांगून टाकतो. शहाणा मजूर उतरण्यापूर्वी दोर हाताने चाचपून पाहतो. त्याने त्याचा विश्वास कमी होत नाही. तपासणे आणि भार टाकणे यांत वैर नाही. वैर आहे ते न तपासता 'हो' म्हणण्यात, आणि तपासून झाल्यावरही काठावरच उभे राहण्यात.

आता शुभवर्तमानातले एक उदाहरण घेऊ. मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेल्या एका बाईची हकीकत आहे. लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे अशी बाई अशुद्ध. ती ज्या अंथरुणावर निजेल ते अशुद्ध, जिथे बसेल ती जागा अशुद्ध, तिच्या त्या वस्तूंना शिवणाराही अशुद्ध. हा विटाळ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. वैद्यांपायी तिचा सगळा पैसा संपला आणि दुखणे वाढले. तिचे नावही लिहिलेले नाही. येशू त्या वेळी याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याकडे निघाला आहे. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे. प्रतिष्ठित माणसाचे तातडीचे काम, भोवती गर्दी. त्या गर्दीत ही बाई मागून शिरते आणि त्याच्या वस्त्राला शिवते.

या कृतीचा अर्थ नीट पाहा. येशू कोण आहे याविषयी तिला कोणी प्रश्न विचारले नाहीत. कोणताही मतसंग्रह तिने पाठ म्हटला नाही. जिने कोणाला शिवायचे नाही असा कायदा होता, ती शिवली. येशू थांबतो. अधिकाऱ्याला ताटकळत ठेवून विचारतो, मला कोण शिवले? ती थरथरत पुढे येते आणि सगळे खरे सांगते. तो तिला ओरडत नाही, स्वतःला शुद्ध करून घ्यायला जात नाही. तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि तिच्या विश्वासाने ती बरी झाली असे सर्वांसमक्ष सांगतो. म्हणजे येशूने ज्याला विश्वास म्हटले ते होते विटाळाची रेषा ओलांडणारे पाऊल. आपल्या भाषेत सांगायचे तर चवदार तळ्याच्या पाण्यात घातलेल्या ओंजळीच्या जातीचे ते कृत्य होते.

हे एकच उदाहरण नाही. कफर्णहूमात चार माणसे एका पक्षाघाती रुग्णाला घेऊन येतात. दारात रीघ लागलेली पाहून घराचे छप्पर उकलतात आणि त्याला खाली सोडतात. येशूला त्यांचा विश्वास दिसला असे मार्क लिहितो. विश्वास दिसला, कारण छपराला भोक पडले होते. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल करतो. त्यानंतरच त्या घराला तारण लाभल्याची घोषणा होते. याही गोष्टीचा बोध आपल्याकडच्या वरच्या वर्गाने नीट घ्यावा. लुबाडणाऱ्याचा विश्वास डोळे मिटण्यात नाही, परत करण्यात आहे.

येथे कोणी म्हणेल की पौलाने तर कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरण्याची गोष्ट सांगितली, आणि १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरने तीच उचलून धरली. खरे आहे. याकोबाच्या पत्रात मात्र कर्मांवाचून विश्वास निर्जीव ठरवला आहे, आणि त्यामुळेच ल्यूथरला ते पत्र फारसे रुचले नाही. पण पौल ज्या कर्मांविरुद्ध बोलतो ती कोणती? गलतीकरांच्या पत्रात भांडण आहे ते सुंतेचे आणि पंगतीचे. यहुदी नसलेल्यांबरोबर जेवावे की नाही, या प्रश्नावर पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. जन्माच्या आणि विधीच्या बळावर कोणी देवापुढे मोठा होत नाही, हे पौलाचे म्हणणे. आणि मानतो म्हणतोस तर उघड्याला वस्त्र व भुकेल्याला अन्न दे, हे याकोबाचे म्हणणे. पौलाने पंगतीची भिंत पाडली. याकोबाने त्या पंगतीत खरोखर वाढले जाते की नाही ते विचारले. दोघांत विरोध दिसतो तो विश्वासाला केवळ मान्यता समजल्यामुळे.

महाराष्ट्रात हा भेद स्वतःच्या आयुष्यात ज्यांना कळला त्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण नंतर लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. तो शोध आणखी काही वर्षे चालला. मतांना संमती देणे आणि एका व्यक्तीवर सगळा भार टाकणे यांतले अंतर त्यांच्याइतक्या स्पष्टपणे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगितले असेल. पुढे त्या भिस्तीचे काय झाले तेही डोळ्यांपुढे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीतल्या बायका-मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. साध्या बाईला वाचता यावे म्हणून त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. चर्चच्या अधिकाऱ्यांनी मते लादू पाहिली तेव्हा त्यांनाही त्यांनी उत्तर दिले. येशूवर भिस्त ठेवणारी ही बाई पाद्र्यांपुढे वाकली नाही, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता बाबासाहेबांचा आक्षेप. तो टाळून हा विषय पुरा होत नाही. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात (१९८९) अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर निबंध आहेत. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे मोल ते मान्य करतात. पण धर्मांतरितांत जात शिल्लक राहिली आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची ऊर्मी निर्माण झाली नाही, असे त्यांचे निदान आहे. त्याचे एक कारण ते मूळ पापाच्या शिकवणीत शोधतात : माणसाच्या अधोगतीचे कारण त्याचे पाप आहे असे शिकवले की अधोगती घडवणाऱ्या समाजव्यवस्थेवरची नजर हटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, असे ते मांडतात. हा भेद मला पुसून टाकायचा नाही. ख्रिस्ती माणूस येशूला केवळ वाट दाखवणारा मानत नाही, तारणारा मानतो. हा फरक राहणारच, आणि प्रामाणिक माणसाने तो राहू द्यावा.

परंतु बाबासाहेबांचे निदान मान्यतेच्या धर्माला जसेच्या तसे लागू पडते, आणि आमच्या मंडळ्यांनी बहुतेक काळ मान्यतेचाच धर्म पाळला. दक्षिणेत ख्रिस्ती कबरस्थानांतूनही जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडे सोयरीक जुळवताना महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती असा उच्चार अजून होतो; वेदीसमोर एका प्याल्यातून पिणारे लग्नाच्या गोष्टी निघाल्या की वेगळे होतात. रक्तस्रावी बाईची गोष्ट दरवर्षी वाचणाऱ्या मंडळीत असे घडते तेव्हा कमतरता ज्ञानाची नसते, बादलीत पाय ठेवण्याची असते. याउलट जेथे भिस्त खरी होती तेथे ती रस्त्यावर उतरली. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या काळ्या ख्रिस्ती मंडळींनी बसवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस पायी चालून तो पाळला. त्यांच्या सभा चर्चमध्येच भरत. आपल्याकडे १९८१ साली बंगलोरला अरविंद निर्मळ यांनी दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येला तोंड फुटले. दलितांची वेदना हीच तेथे ईश्वराला ओळखण्याची जागा मानली गेली.

एक प्रश्न उरतो, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना तोच सर्वांत जवळचा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख दलित आणि १९९० साली बौद्ध दलित त्यात आले. ख्रिस्ती व मुस्लिम दलित आले नाहीत. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी टपरी नाकारली गेली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याची मागणी फेटाळली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, तरी ती अट राहिली. परिणाम असा की अनेक घरांत रविवारी मंडळीत आणि सोमवारी कागदावर वेगळे नाव असते. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणे हा ख्रिस्ती असल्याचा पुरावा धरला, आणि केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरवली.

काही पाद्री अशा मुलांना अविश्वासू म्हणतात. मला ते पटत नाही. फीसवलतीवर ज्याचे शिक्षण टिकून आहे अशा पोराकडून हौतात्म्य मागणे सोपे आहे. मागणाऱ्याचा पगार त्याने बुडत नाही. ज्या बाईने मागून येऊन चोरून वस्त्राला हात लावला तिचाही विश्वास आधी लपलेलाच होता, आणि येशूने तो नाकारला नाही. तिला उघड्यावर यायला त्याने जागा करून दिली. ती जागा करून देणे हे आज मंडळीचे काम आहे, आणि नुसत्या प्रार्थनासभांनी ते होणार नाही. शिष्यवृत्ती द्या, वसतिगृहांची दारे उघडा, आदेशातली धर्माची अट जावी म्हणून बौद्ध भावंडांबरोबर मोर्चात चला. आणि बौद्ध भावंडांनाही माझे सांगणे आहे की ज्या दुरुस्तीसाठी तुम्ही १९९० पर्यंत लढलात तिचा उरलेला भाग अजून बाकी आहे.

येशूवर विश्वास म्हणजे त्याच्याविषयीची काही वाक्ये खरी मानणे नव्हे. तो ज्यांच्या बाजूने उभा राहिला त्यांच्या बाजूला आपला भार टाकणे, आणि तो दोर आपल्याला सोडणार नाही या भरवशाने खाली उतरणे, म्हणजे विश्वास. ज्याला हा भरवसा नाही त्याने तो उसना आणू नये. प्रज्ञा आणि करुणा यांच्या वाटेने तो त्याच विहिरीच्या तळाशी पोहोचू शकतो. पाणी तेथे आहे. काठावर उभे राहून दोराचे गुण गाणाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ते लागणार नाही.