पाटी नव्हे, नोंदणी पाहा
‘समुपदेशक’ ही पाटी आपल्याकडे जवळजवळ कुणीही लावू शकतो. म्हणून खासगी थेरपिस्ट निवडताना फीच्या आधी नोंदणी क्रमांक विचारावा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता लागते. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ मुळात डॉक्टर, त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे. नोंदणी म्हणजे हातगुण नव्हे, आणि पुनर्वास परिषदेच्या यादीबाहेरही मानसशास्त्रात एम.ए. केलेले चांगले समुपदेशक आहेत, हा आक्षेप खराच. पण हातगुण कळायला चार-सहा भेटी जातात. पात्रता पहिल्याच फोनवर कळते. यादीबाहेरच्यांना शिक्षण कुठे झाले, कामावर वरिष्ठांची देखरेख आहे का, हे विचारा. चिडले तर दुसरा शोधा. तातडीच्या वेळी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.