फॉरवर्ड करण्याआधी महमूद गवान आठवा!

परंड्याचा किल्ला बघायला गेलात की तोफेजवळ सेल्फी होतेच. पुढच्या वेळी तिथं एक गोष्टही आठवा.

हा किल्ला बहमनी वजीर महमूद गवान यानं बांधला, असं सांगतात. इराणहून आलेला हा माणूस विद्येचा भोक्ता. बिदरला १४७२ मध्ये त्यानं मोठा मदरसा उभारला. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला दारू पाजली, कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला आणि वर राजद्रोहाचं पत्र लिहिलं. सुलतानानं शहानिशा केलीच नाही. १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला. पत्र बनावट असल्याचं नंतर कळलं, पण काय उपयोग?

आजच्या भाषेत, तो फेक स्क्रीनशॉटच होता!

गवानच्या साडेतीनशे वर्षं आधी इमाम गझाली (१०५८-११११) यांनी 'इह्या' या ग्रंथाचा एक अख्खा भाग जिभेच्या दोषांवर लिहिला. पाठीमागे कुणाची कुचाळकी करणं म्हणजे 'गीबत'. तुम्ही म्हणाल, "पण मी खरं तेच बोललो ना!" गझाली म्हणतात, खरं असलं तरच ती गीबत. खोटं असेल तर तो थेट बदनामीचा गुन्हा, आणखी मोठा.

लेखणी हीसुद्धा जीभच, असं ते सांगतात. कुणाच्या चालण्याची नक्कल करणंही गीबतच. म्हणजे आपले स्टिकर आणि मीम्ससुद्धा आलेच की! आणि ऐकणारा? तोही वाटेकरी. त्यानं थांबवावं, विषय बदलावा, नाहीतर उठून जावं. ग्रुपवर नुसतं वाचून हसणाऱ्यांनो, हे आपल्यासाठी आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. अन्याय झालेल्यानं दाद मागणं किंवा कुणाला धोक्याची सूचना देणं, याला गझाली गीबत मानत नाहीत. कुणी त्रास देत असेल तर आईवडिलांना, शिक्षकांना बिनधास्त सांगा.

धर्म कुठलाही असो, हा धडा सगळ्यांच्या कामाचा आहे. एका फॉरवर्डमुळे वर्गातली एखादी मुलगी शाळेत यायचं बंद करू शकते. मेसेज डिलीट होतो, तिचं गेलेलं वर्ष परत येत नाही.

व्यापारी रात्री हिशेब मांडतो, तसा माणसानं रोज स्वतःचा मांडावा, असंही गझाली सांगतात. आज झोपण्याआधी फोन उघडा. दिवसभरात काय काय पाठवलं, ते बघा. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्यासमोर ते वाचून दाखवता येईल?