पिसवा जाव्यात, मासे राहावेत!

दिवाळीची सुट्टी आजोळी घालवून तुम्ही लातूरला किंवा नांदेडला परत येता. पंधरा दिवस बंद असलेल्या घराचे कुलूप काढून आत पाऊल टाकता, तोच पायांना कडकडून चावे बसू लागतात. कुत्रा तर तुमच्याबरोबर गावी होता. मग रिकाम्या घरात या पिसवा आल्या कोठून?

त्या घरातच होत्या! प्रौढ पिसू प्राण्याच्या अंगावर राहते. परंतु तिची गुळगुळीत अंडी खाली घरंगळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फरशीच्या फटींत, सतरंजीखाली दडतात आणि पुढे कोश विणतात. कोशातील पिसू कित्येक आठवडे स्वस्थ बसू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली, की ती बाहेर पडते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीची फौज जमिनीवरच असते.

पिसवांकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वर्षभराच्या आतच, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरू लागले आणि मग ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले होते. उंदीर मेला, की त्याच्यावरील पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून गावात एकाएकी उंदीर मरू लागले, तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. कुत्र्यामांजरांवरील पिसू सहसा निराळ्या जातीची असते. पण तिचाही बंदोबस्त हवाच.

तो करताना घाई नको. शेतातले फवारणीचे औषध कुत्र्याला कधीही चोळू नका. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराला विषारी असते. आणि घरात माशांची काचपेटी असेल तर? तिचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडतो. फवारलेले औषध त्या हवेबरोबर थेट पाण्यात उतरते. परमेथ्रिनसारखी द्रव्ये लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणातही अनेक माशांना मारक ठरतात. पंप बंद ठेवावा, तर माशांना प्राणवायू कमी पडतो. तेव्हा काचपेटीच्या खोलीत फवारणी करूच नये, हे उत्तम. कुत्र्याला औषध लावलेले हात धुतल्याशिवाय पेटीच्या पाण्यात घालू नका.

मग करावे काय? रोज फटींपर्यंत झाडून केर साबणाच्या पाण्यात टाका. कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. अंडी आणि अळ्या कोरडेपणात टिकत नाहीत. कुत्र्याचे केस बारीक दातांच्या फणीने विंचरा. औषध लागलेच, तर पशुवैद्यांना विचारूनच घ्या. कोशांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ही सफाई काही आठवडे नेटाने चालू ठेवावी लागते.

आता एक प्रयोग. फणीत सापडलेली एक पिसू साध्या पाण्यात टाका, दुसरी साबणाच्या पाण्यात. साध्या पाण्याचा पृष्ठताण हलक्या पिसवेला बहुधा तोलून धरतो आणि ती उडी मारून निसटू शकते. साबणाने पृष्ठताण घटतो आणि दुसरी पिसू बुडते. याच तत्त्वावर सापळा करा. रात्री जमिनीवर पसरट पांढऱ्या थाळीत साबणाचे पाणी ठेवा. टेबलावरच्या दिव्याचा उजेड थाळीवर पडू द्या. मात्र दिवा आणि वायर पाण्यात पडणार नाहीत, याची वडीलधाऱ्यांकडून खात्री करून घ्या. उजेडाकडे झेपावणाऱ्या पिसवा थाळीत बुडतील.

रोज सकाळी त्या मोजा आणि आलेख काढा. आकडा मध्येच वाढला, तर घाबरू नका; जुने कोश उघडत असतील. आलेख शून्यावर येऊन काही आठवडे तेथेच टिकला, की समजा, तुम्ही जिंकलात. आणि काचपेटीतले मासे? ते खुशाल पोहत असतील!