पथ्य घराचेही

मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाची कथा आपण बहुधा शस्त्रक्रियेपाशीच आटोपती घेतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण १९५४ सालच्या डिसेंबरात बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात यशस्वीपणे बसवले, तेव्हापासून या विद्येचे सारे तेज शस्त्रक्रियागृहावरच पडत आले आहे. परंतु खरा अवघड प्रांत सुरू होतो तो घराच्या उंबरठ्यापासून, कारण आजाऱ्यावरचे प्रेम व्यक्त करण्याच्या आपल्या ज्या रूढ तऱ्हा, त्यांतल्या पुष्कळशा या प्रसंगी निषिद्ध ठरतात.

ते भाऊ हुबेहूब जुळे असल्यामुळे देहाने तो अवयव परका मानला नाही. इतरांना ही सवलत नसते, सबब नवे मूत्रपिंड चालते आहे तोवर प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधांचा अंमल उठत नाही. त्यांतले प्रमुख टॅक्रोलिमस. हे द्रव्य १९८४ साली जपानातील त्सुकुबा परिसराच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून हाती आले, आणि ज्याला ते द्यायचे त्यालाच पहिले काही महिने कुंडीतली माती उकरण्याची मनाई असावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा! बारा-बारा तासांनी घ्यायच्या या औषधाचे रक्तातले प्रमाण, रुग्णांच्या बोलीत 'लेव्हल', सकाळच्या मात्रेपूर्वी मोजावे लागते. म्हणून तपासणीच्या दिवशी माणूस औषध खिशात घालून प्रयोगशाळेच्या बाकावर बसतो, आणि रक्त काढलेल्या जागी कापूस दाबून धरीतच दुसऱ्या हाताने ते तोंडात टाकतो.

वडीलधाऱ्यांना हे प्रकरण उमजायला वेळ लागतो. उठलेल्या माणसाच्या अंगी ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा उकळणाऱ्या आजीला, या घरात प्रतिकारशक्ती वाढवणे हेच अहिताचे आहे, हे कोणत्या तोंडाने सांगावे? गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनसही वर्ज्य, कारण त्या जातीच्या फळांनी औषधाचा निचरा मंदावतो आणि रक्तातली 'लेव्हल' अवाजवी चढून खुद्द मूत्रपिंडालाच इजा पोहोचू शकते. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही घरातल्या डब्यातून परस्पर घ्यायच्या नाहीत. आणि ताप १०० अंशांच्या पुढे गेला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे.

सर्वांत विलक्षण पालट पाण्याचा. डायलिसिसच्या काळात ज्याने दिवसाचे पाणी पेल्याने मोजून घेतले, तहान लागली तर बर्फाचा खडा जिभेवर धरला, आमटीतले पाणीसुद्धा हिशेबात धरले, त्याला आता बहुधा दिवसाला अडीच-तीन लिटर पिण्याचा हुकूम होतो. समोर भरलेला तांब्या असूनही हात अर्ध्यावर थबकतो आणि नजर नकळत बायकोकडे वळते. अपराधाची ती भावना जायला काही आठवडे लागतात. जुनी मूत्रपिंडे बहुतेक वेळा जागच्या जागी ठेवून नवे जांघेच्या वर, ओटीपोटाच्या एका बाजूस बसवलेले असते, त्यामुळे पायजम्याची नाडी आवळताना आणि नातवंडाला मांडीवर घेतानाही सावध राहावे लागते.

भेटीस येणाऱ्यांना, विशेषतः सर्दी-खोकला असलेल्यांना, पहिले काही महिने दारातूनच परत पाठवण्यात काही गैर नाही. रागावले तर रागावोत.

माझ्या मते या साऱ्या बंदोबस्तात एका व्यक्तीची आबाळ होते. अवयव देणारी आपल्याकडे पुष्कळदा आई किंवा पत्नी असते; शस्त्रक्रिया तिचीही झालेली असते, पण ती 'आजारी' नव्हे अशी समजूत असल्याने पंधरवड्यातच तिच्या हाती पोळपाट-लाटणे येते, आणि पाण्याची बादलीही तीच उचलते. वस्तुतः सुमारे सहा आठवडे तिनेही जड उचलायचे नसते. उरलेले एकच मूत्रपिंड वाढीव काम अंगावर घेते, सबब रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि क्रिएटिनिन यांची तपासणी तिचीही दरसाल व्हायला हवी. रुग्णाची फाइल प्रत्येक घरी जिवापाड जपलेली असते. दात्याची फाइल कुठे आहे, असे विचारले की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.