हातखंब्याच्या वाटेवरचे दगड

मिऱ्या बंदरापासून निघालेला नागपूर महामार्ग रत्नागिरी शहर, कुवारबाव असं करत हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा रस्त्याला मिळतो. या पट्ट्यासाठी कुणी पर्यटक गाडी थांबवत नाही. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग एवढं त्याला एका दिवसात उरकायचं असतं. ते सगळं सर्वांना पाठ आहे, इथे पुन्हा नको. आपण बघायचे ते कडेचे अंतर सांगणारे दगड, म्हणजे त्यातले उरलेत ते.

चौपदरीकरणाने रस्त्याच्या दोन्ही कडा खरवडून काढल्या. जुनी झाडं गेली, त्यांची हळहळ तरी झाली. दगडांची कोण करणार? तिठ्यावरच्या टपरीत चहा घेताना भेटलेले एक निवृत्त मैलकुली करतात. मैलकुली म्हणजे बांधकाम खात्याचा रस्ता राखणारा माणूस. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आत दगड रंगवून ठेवायचे. आधी तारेच्या ब्रशाने शेवाळ खरडायचं, मग पांढऱ्याचे दोन हात, वर पिवळा माथा. राज्य महामार्गाला तोच माथा हिरवा. अक्षरं शेवटी, काळ्या रंगाने, बारीक ब्रशाने. ‘‘आकडा वाकडा आला की सायब वरडायचा,’’ काका हसत म्हणाले.

या रंगवलेल्या किलोमीटरच्या दगडांआधीचे दगड मैलांचे, काळ्या पाषाणात खोदलेले. आपल्या जांभ्याला भोकं फार, त्यात अक्षर धरत नाही. १९६० नंतर मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा काही दगड पाठ फिरवून पुन्हा रोवले गेले, काही लोकांनी घरी नेले. काकांच्या वाडीत एक पडवीची पायरी झालाय. धुतला की आकडा दिसतो. पुढे रस्त्यांचेही नंबर बदलले. नागपूर महामार्ग २०४ चा १६६ झाला, मुंबई-गोवा १७ चा ६६. लोकांच्या तोंडी मात्र जुनीच खूण. ‘‘कंडक्टरला सांगायचो, दगडाकडं थांबव. आता दगड पन नाय नि लाल गाडी पन थांबत नाय.’’

ज्याने मला खरा मोह घातला तो दगड उतारावरच्या एका वळणाला आहे. तिथे एकदा ट्रक उलटला आणि ड्रायव्हर कपडे झटकत बाहेर आला, तेव्हापासून तो राखणदार. शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. रुंदीकरणाचं यंत्र आलं तेव्हा चालकानेच हात लावायला नकार दिला. शेवटी काकांना बोलावणं गेलं. त्यांनी पानाचा विडा ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं, रस्ता सरकारचा आहे, तुमची जागा वरच्या अंगाला केली आहे, राग मानू नका. मगच दगड उचलला. बाकीच्यांना असं कुणी विचारलं नाही. ते मातीच्या भरावात गेले, आणि कुठला कुठे गेला याची कुणी नोंद ठेवल्याचं गावात ऐकिवात नाही.

राखणदार आता नव्या गटारापलीकडे, पत्र्याच्या छपराखाली उभा आहे. त्याच्यावरचं अंतर अर्थात जुन्या जागेचं. ते दुरुस्त करायला मध्यंतरी एक पेंटर डबा घेऊन आला होता. शेंदरावर पांढरा हात मारायला तो तयार होईना, आणि खरवडून द्यायला गावातलं कुणी पुढे येईना. डबा तसाच परत गेला.