बेटावरची लहान माणसे

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर लियांग बुआ नावाची एक प्रशस्त गुहा आहे. २००३ मध्ये तेथे सुमारे सहा मीटर खोलीवर उत्खनन चालू असताना एक सांगाडा हाती लागला. त्याची उंची जेमतेम साडेतीन फूट असल्याने तो प्रथमदर्शनी बालकाचा वाटला. परंतु अक्कलदाढ उगवलेली होती आणि दात झिजलेले होते. सांगाडा प्रौढ स्त्रीचा होता. तिच्या मेंदूचे आकारमान सुमारे ४०० घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते.

२००४ मध्ये शास्त्रज्ञांनी ही मानवाची स्वतंत्र प्रजाती असल्याचे जाहीर करून तिला 'होमो फ्लोरेसिएन्सिस' हे नाव दिले. एका इंग्रजी कादंबरीवरून तिला 'हॉबिट' असेही म्हटले जाऊ लागले. हे नाव लाडके झाले खरे. पण त्यामुळे खरीखुरी माणसे परीकथेतील वाटू लागली. काही अभ्यासकांना हा आपल्याच प्रजातीतील एखाद्या रोगग्रस्त व्यक्तीचा सांगाडा वाटत होता. पुढे त्याच गुहेत तशाच लहान चणीच्या आणखी व्यक्तींचे अवशेष मिळाले. त्यांच्या मनगटाच्या हाडांची रचनाही आपल्यापेक्षा वेगळी आढळली. तेव्हा रोगाची कल्पना बरीच मागे पडली.

मग ही माणसे इतकी लहान का होती? याचे उत्तर बेटाच्या भूगोलात शोधावे लागते. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली, तेव्हा जावा बेट आशिया खंडाला जोडले गेले. फ्लोरेस मात्र खोल समुद्रामुळे अलगच राहिले. तेथे पोहोचलेले थोडेच प्राणी मूळ भूमीपासून कायमचे तुटले. स्टेगोडॉन नावाचा हत्तीसारखा अजस्र प्राणी तेथे म्हशीएवढा झाला. उलट, एका जातीचा उंदीर सशाएवढा वाढला. तो आजही त्या बेटावर आढळतो.

बेटाने प्राण्यांना लहान केले, असे आपण सोयीसाठी म्हणतो. प्रत्यक्षात उपासमारीने एखाद्याची वाढ खुंटली, तरी ते खुजेपण त्याच्या संततीत उतरत नाही. प्रत्येक पिढीत काही व्यक्ती जन्मतःच लहान चणीच्या असतात. अन्न मर्यादित असेल आणि वाघासारखे हिंस्र पशू नसतील, तर मोठ्या शरीराचा लाभ उरतो थोडा आणि त्याला पोसण्याचा भार मात्र तेवढाच राहतो. दुष्काळी वर्षात थोडक्यावर भागवणारे तगतात व त्यांची मुले अधिक जगतात. शिवाय बाहेरून नवे रक्त येत नाही, त्यामुळे हा बदल पातळ होत नाही. असे शेकडो पिढ्या घडत राहिले, की सारी वस्तीच लहान चणीची होते.

बहुधा जावाकडील होमो इरेक्टस हा आदिमानव समुद्रातून वाहत फ्लोरेसला आला असावा, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. काहींच्या मते यांचे पूर्वज त्याहूनही प्राचीन व मुळातच लहान होते. बेटावरील दगडी हत्यारे सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंतची आहेत. माता मेंगे येथे सात लाख वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष मिळाले असून त्यांतील दंडाच्या हाडावरून ती व्यक्ती जेमतेम मीटरभर उंच असावी, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. लियांग बुआतील हाडे मात्र सुमारे एक लाख ते साठ हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे ही लहान माणसे त्या बेटावर लक्षावधी वर्षे नांदली. एवढ्याशा मेंदूच्या बळावर ती दगडाची हत्यारे घडवीत होती. स्टेगोडॉनच्या हाडांवर त्या हत्यारांच्या खुणाही सापडल्या आहेत. मेंदूच्या आकारावरून बुद्धी जोखण्याची सवय आपल्याला फार आहे. या गुहेने तिला धक्का दिला.

या गुहेजवळच रामपासासा नावाचे गाव आहे. तेथील प्रौढांची सरासरी उंची सुमारे १४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट भरते. ते गुहेतील मानवांचे वंशज असावेत, असा तर्क साहजिकच केला गेला. २०१८ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्या प्राचीन मानवाचा कोणताही अंश आढळला नाही. हे ग्रामस्थ सर्वस्वी आपल्याच प्रजातीचे आहेत. त्यांच्या पूर्वजांमध्ये उंची कमी करणारी जी जनुकरूपे आधीच होती, त्यांचे प्रमाण पुढे वाढत गेले. एकाच बेटावर, हजारो वर्षांच्या अंतराने, दोन भिन्न मानवसमूहांची उंची स्वतंत्रपणे घटली होती.